खोक्यावरचं हिरवं पान

आमच्या कार्यालयात खरेदीच्या अटी लिहितो तो मी. हुशार माणूस! पर्यावरणाला जपून खरेदी करा, असा वरून आदेश आला तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि मी बाह्या सरसावल्या. फरशी पुसायच्या द्रावणासाठी चौदा पानं अटी लिहिल्या आणि त्यांत सगळ्यात ठसठशीत अट घातली: मालाच्या खोक्यावर हिरव्या पानाचं चिन्ह हवं. साहेबांनी पाठ थोपटली. महिनाभर मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होतो.

ती जमीन पुसायच्या मावशी. एकवीस वर्षं तीन मजले आणि सगळे जिने त्यांच्याकडे. फरशीवरच्या डागाला त्या 'मेल्या' म्हणायच्या, साहेबांना 'साहेब', आणि दोन्ही वेळा आवाज तोच असायचा.

नवं द्रावण आलं आणि तिसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, हात जळतात हो."

मी चहाचा घोट घेत त्यांना शहाणपण शिकवलं, "मावशी, हे निसर्गाला चांगलं असतं."

पुढच्या आठवड्यात त्या बोटांना चिंध्या बांधून आल्या. मी म्हटलं, सवय होईल.

मग एके दिवशी त्यांनी रिकामं खोकंच माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "लेकीनं वाचलं. तुम्हीही वाचा."

पानाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: हे चिन्ह फक्त खोक्याच्या पुठ्ठ्यासाठी. बाटलीवर पान नव्हतंच. पुरवठादाराला शिव्या घालाव्यात, तर त्यानं माझी अट तंतोतंत पाळली होती.

"डॉक्टर म्हणतात, काम सोडा," मावशी म्हणाल्या. "काम सोडून खाऊ काय? तुमच्या कागदात माझ्या हातांचं कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा."

मी ती चौदा पानं चाळली. बाटलीच्या झाकणाबद्दल दोन ओळी होत्या. नदीतल्या माशांवर चार. हातांवर एकही नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

द्रावण बंद करण्याची टिपणी मी तिथंच लिहायला घेतली. पहिल्या मसुद्यात चूक पुरवठादाराची होती, दुसऱ्यात आदेशाची. तिसऱ्यात माझी आली. सही होईपर्यंत मावशी समोर उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे धरून. मला ते दिसून वाईट वाटू नये म्हणून.