उल्कावीर येऊन राहिला

मला राग लवकर येतो. अकोल्याच्या जठारपेठेत कुणालाही विचारा. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, त्यात खडू आणि राग या दोनच वस्तू मी रोज वापरल्या. पण यंदाचा राग वेगळा होता. तो अजून उतरलेला नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

आमचे हे बोर्ड पेंटर. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, हात थरथरतो, कानानं कमी ऐकू येतं. त्यांचं नाव मी घेत नाही. आमच्याकडं बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. शाळेच्या कागदांवर लिहायची, पण तोंडानं नाही. जुनाट आहे, मला ठाऊक आहे, कुणी शिकवायला येऊ नये. एके काळी अकोल्यातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या यांच्या हातच्या होत्या. वरूडहून संत्री घेऊन निघणारे ट्रक रंगवायला तिकडून मुद्दाम बोलावणं यायचं.

एकोणनव्वद साली इथल्याच एका लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्याच्या मालकाला कॉमिक्स काढायचा झटका आला. नायकाचं नाव उल्कावीर. आकाशातून दगड पडतो, याच्या छातीवर आदळतो आणि हा उडायला लागतो. तुम्हाआम्हाला दगड लागला तर टेंगूळ येतं, याला शक्ती आली! चित्रं काढायला पुण्याहून एक चित्रकार आणले होते आणि पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं लिहायला आमचे हे. दहा अंक बरे निघाले. अकराव्याच्या वेळी चित्रकार साहेबांना मुंबईत जाहिरातींचं काम मिळालं, आणि ते एका दुपारी बॅग घेऊन गेले ते गेलेच. मालक आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आता तुमीच काढा. गोष्टही तुमीच लिहा."

मी म्हटलं, "यांना माणूस कुठं काढता येतो?"

हे म्हणाले, "ट्रक येते ना."

डोकं फिरलं माझं. ट्रक येतो म्हणून उल्कावीर येईल काय? आणि खरंच येईना. पाय तर मुळीच येईनात. पायाची बोटं काढली की आल्याचे गड्डे दिसायचे. आठ दिवस कागद फाडून झाले, आणि एका रविवारी यांनी माझ्यापुढं एक चित्र ठेवलं. उल्कावीर कमरेपर्यंत काळ्या मातीत रुतलेला.

"पाय कुठं आहेत?"

"चिखलात हायेत."

"अन् हा उडत काहून नाही?"

"पावसाळ्यात आपली माती सोडते काय कोणाले? तुही चप्पल गेली होती शेतात, सापडली काय अजून?"

सापडली नव्हती. चप्पल नवी होती.

अशी चिखलासुराची गोष्ट जन्माला आली. राक्षस मातीचाच, म्हणजे त्यालाही पाय नकोत. इन्स्पेक्टर सरकीच्या पोत्यांमागं उभा. नायिका संत्र्यांच्या ढिगामागं. अकरा, बारा, तेरा, असे तीन अंक सगळी दुनिया कमरेच्या वर. उल्कावीरचं नाक पानागणिक बदलायचं, पण मागच्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक ट्रक असा की टायरची नक्षी मोजून घ्यावी. शेवटी उन्हाळा आला आणि चिखलासुर भेगा पडून मेला. उल्कावीरनं त्याला मारलंच नाही, नुसती वाट पाहिली. अकोल्यातल्या पोरांना त्यात काही चुकीचं वाटलं नाही. माती अशीच असते, हे त्यांना माहीत होतं.

हातही जमत नव्हते, तेव्हा हातांसाठी मी. शाळेतून आले की साडीचा पदर खोचायचा, मूठ वर करायची आणि हलायचं नाही. कधी गदा म्हणून हातात लाटणं. हे म्हणायचे, "मूठ जराशी आवळ ना, राग आला की आवळते तशी." राग तर तिथंच होता, शोधायला जावं लागत नव्हतं. माझ्या उजव्या मनगटावर तीन हिरवे ठिपके आहेत, लहानपणी आईनं बहिरमच्या यात्रेत गोंदून घेतलेले. यांनी दिसले तसे काढले. म्हणजे तीन अंक एवढ्या मोठ्या वीराच्या मनगटावर बाईमाणसाचं गोंदण! मी म्हटलं, पुसा ते. तर म्हणे, "मले दिसते ते मी काढतो."

खरं भांडण झालं ते एका शब्दावरून. गावात पूर आला आहे, लोक हाका मारताहेत, आणि रुतलेला उल्कावीर पानापानावर ओरडतो, "मी येऊन राहिलो!" मी लाल पेन काढलं. म्हटलं, हे अशुद्ध आहे, 'मी येत आहे' लिहा. शाळेत रोज तेच करत होते मी. पोरगं लिहायचं 'आई भाकरी करून राहिली', मी 'करून राहिली' वर काट मारायची आणि वर 'करत आहे' लिहायची.

जन्मात कधी न भांडणारा माणूस त्या दिवशी अडून बसला. म्हणाले, "'येत आहे' म्हणणारा घरीच बसेल असते. 'येऊन राहिलो' म्हंजे तो निघाला. रस्त्यात हाय, चिखलात हाय, पण येऊन राहिला."

"पुण्यात हसतील तुम्हाला."

"हसू दे."

तेराव्या अंकानंतर कॉमिक्स बंद पडलं. तिन्ही अंकांवर नाव मात्र पुण्याच्या चित्रकारांचंच छापून आलं, कारण पहिल्या पानाचा ठसा तयार होता आणि मालकाला नवा करायचा कंटाळा!  त्यानंतर पस्तीस वर्षं घरी पाहुणा आला की हे पाट्यांचं बोलायचे नाहीत, पत्र्याच्या पेटीतून बारावा अंक काढायचे आणि म्हणायचे, "हे म्या केलं." पाहुणा उलटून पाहायचा, दुसऱ्याचं नाव वाचायचा आणि म्हणायचा, "हो का?" त्या 'हो का' मधला संशय यांना ऐकू यायचा. हे अंक परत पेटीत ठेवायचे. पुढच्या पाहुण्याला पुन्हा काढायचे. मला त्या प्रत्येक पाहुण्याचा चहा ओतून द्यावासा वाटे.

गेल्या दिवाळीत आमची लेक अपेक्षा आली. अमरावतीला बँकेत असते. मोबाईल पुढं करून म्हणाली, "आई, बाबांचं कॉमिक बघ, कुणीतरी व्हिडिओ केला आहे." योगेश नावाचा पुण्याचा अभ्यासक. गोड चेहरा, गोल चष्मा. व्हिडिओचं नाव, 'मराठीतला सगळ्यात फसलेला सुपरहिरो'. तो हसत सांगत होता, "तीन अंक नायक चिखलात! आणि ओरडतो काय, तर 'मी येऊन राहिलो'. अरे येऊन राहिलास तर कुठे राहिलास बाबा? लॉजवर?"

अपेक्षा हसली. खोटं कशाला बोलू, मलाही हसू फुटलं होतं, पण ते अर्ध्यात मेलं. कारण हे मोबाईलला डोळे लावून बसले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "बारावा अंक दाखवला ना त्यानं! पुन्हा लाव बरं." त्यांना लॉज ऐकूच आला नव्हता.

व्हिडिओच्या शेवटी खरी बातमी होती. तेराही अंकांचं एकत्र पुस्तक येणार, 'भाषा शुद्ध करून', आणि प्रकाशन अमरावतीला. सगळी चित्रं त्या चित्रकारांच्या नावावर. चित्रकार वारले होते बिचारे, त्यांच्याशी माझं वैर नाही. पण आता पुस्तकात पक्कं छापलं गेलं की संपलं. मग यांचं 'हे म्या केलं' जन्मभराचं खोटं ठरणार होतं.

मी योगेशला फोन केला. मुलगा नम्र. "काकू, मला आदर आहे, पण काही पुरावा? मूळ चित्रं?" मूळ चित्रं छापखान्याच्या रद्दीत गेली होती, आणि मालक केव्हाच गेला होता. "मग कठीण आहे, काकू." इतक्या गोड आवाजात नाही म्हणतात ना, तेव्हा जास्त पेटतं. फोन ठेवला तर हे म्हणाले, "काहून तापून राहिली? जाऊ दे वं." मी म्हटलं, काही जाऊ बिऊ द्यायचं नाही. अमरावतीला जायचं, आणि तुम्हीही चला.

गेलो. हॉल भरलेला. हे अपेक्षाजवळ चौथ्या रांगेत बसले, नवा सदरा घालून. बाहेर टेबलावर पुस्तकं होती, मी उघडून पाहिलं. बाराव्या अंकात, सगळ्या फुग्यांत, संगणकाच्या अक्षरात, 'मी येत आहे!' यांची अक्षरं खरवडून काढली होती. एक प्रत आत नेऊन यांच्यापुढं धरली, तर यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "हा तं दुसराच कोणी हाय." नावाचं त्यांनी विचारलंही नाही. मी पुस्तक फाडकन मिटलं.

योगेशचं भाषण सुरू झालं. पडद्यावर उल्कावीरची मूठ आली, भिंतीएवढी. तो म्हणाला, "आता हे बघा. पहिल्या दहा अंकांत नाहीत, फक्त चिखलासुराच्या कथेत मनगटावर हे तीन ठिपके येतात. सत्त्व, रज आणि तम. चित्रकाराच्या प्रतिभेनं इथं तत्त्वज्ञानाची उंची गाठली आहे." लोक माना डोलवत होते.

मी उठले. कुणी थांबवायच्या आत पायऱ्या चढले, पडद्यापाशी गेले, बांगड्या मागं सारल्या आणि मूठ आवळून त्या मुठीशेजारी धरली. तीन ठिपके. वरचा जरासा डावीकडं सरकलेला, तिथंही आणि इथंही. अंगठ्याखालचा पोळल्याचा डाग, तिथंही आणि इथंही.

"सत्त्व बित्त्व काही नाही," मी म्हटलं. "बहिरमची यात्रा आहे ही."

हॉलमध्ये हशा उसळला. योगेश माझ्या मनगटाकडं पाहत राहिला, मग त्यानं पडद्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. चेहरा पांढरा पडला होता पोराचा. माईक माझ्यापुढं धरून हळू म्हणाला, "काकू, मग हे काढलं कुणी? नाव काय त्यांचं?"

आता आली का पंचाईत! त्रेचाळीस वर्षं जे तोंडातून काढलं नाही, ते तीनशे माणसांपुढं, माईकवर. अपेक्षा खालून उठायला लागली, सांगायला. मी हातानंच तिला बसवलं. हे दुसऱ्या कुणी सांगायचं नव्हतं. शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात मी ओरडले, "देवराव म्हैसने!"

कानानं कमी ऐकणाऱ्या माणसाला तेवढं लख्ख ऐकू गेलं. बायकोनं भरसभेत नाव घेतलं म्हटल्यावर माणूस घाबरणारच. काठी सावरत, धडपडत उठले आणि तिथूनच ओरडले, "येऊन राहिलो! येऊन राहिलो!"

आणि येऊन राहिले. चौथ्या रांगेपासून मंचापर्यंत वीस पावलं असतील, पण गुडघे वाकत नाहीत, त्यांना बराच वेळ लागला. सगळा हॉल त्यांच्याकडं पाहत होता. दर दोन पावलांना हे म्हणत होते, "येऊन राहिलो ना." कुणी हसलं नाही. मी योगेशला म्हटलं, "कळलं का आता, कुठं राहिला होता तो? लॉजवर नाही." त्यानं मान खाली घातली.

नंतर तो चांगलं वागला, हेही सांगायला हवं. यांच्या पाया पडला. म्हणाला, पुढच्या आवृत्तीत सगळं दुरुस्त करतो. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीची वाट पाहायला आम्ही उल्कावीर नाही. आजच शुद्धिपत्र घाल, प्रत्येक प्रतीत. पर्समध्ये लाल पेन होतंच. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागं उभ्याउभ्याच लिहून दिलं, शाळेत फळ्यावर लिहायची तसं:

अशुद्ध: मी येत आहे.
शुद्ध: मी येऊन राहिलो.
अंक ११ ते १३, चित्रं, अक्षरं आणि गोष्ट: देवराव म्हैसने.

यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. मग म्हणाले, "तूच लिहिलं हे?" आणि पाणी आलं डोळ्यांत. मला वाटलं नाव वाचून आलं. पण यांचं बोट 'अशुद्ध' या शब्दावर होतं.

आता ते शुद्धिपत्र प्रत्येक पुस्तकात आहे. यांना पेटी उघडून सांगावं लागत नाही, पाहुणाच वाचतो. सगळं झालं, तरी राग उतरत नाही, कारण तो आता योगेशवर नाही. बत्तीस वर्षांत मी किती पोरांच्या वह्यांत 'राहिलो' वर काट मारली असेल. आज त्यांतला कोणी ट्रक चालवतो, कोणी दुकानात बसतो, बरेच तर बोलतानाही घाबरत असतील. त्यांना कुठल्या पत्त्यावर शुद्धिपत्र पाठवू?