मी कधी पाकीट विकत घेतलं नाही

"काकू, विडी किती वर्षं ओढता?" डॉक्टरांनी माझ्या बायकोला विचारलं.

"मी न्हाई वो. ह्ये ओढत्यात," सुमन म्हणाली. तिला दम लागला होता.

नुकतीच तिची स्पायरोमेट्री झाली होती, म्हणजे नळीत जोरानं फुंकून फुप्फुसांची ताकद मोजतात ती तपासणी. निदान सीओपीडी. यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात.

"चुलीचा धूर असेल, सिगारेटचाही असेल. गेलेली ताकद परत येणार नाही, उरलेली जपायची," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "औषध यांना, पथ्य तुम्हाला."

आम्ही माण गावचे. जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर नऊ खोल्या बांधल्या. मालक खूश राहावा, पाणी वेळेवर सोडावं म्हणून भाडेकरू पोरं सिगारेट पुढं करायची. रोज दहा-बारा व्हायच्या. विकत एकही घेत नव्हतो, म्हणून स्वतःला ओढणाऱ्यांत धरतच नव्हतो. गॅलरीत ओढायचो, धूर आत सुमनच्या अंथरुणापर्यंत जायचा.

डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं. मी ते सुपारीसारखं चघळलं आणि दिवसभर उचक्या. ते थोडं चावून, तिखट लागलं की गालात दाबून ठेवायचं असतं. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ मी जिना झाडायचो.

सिगारेट सोडल्याच्या अकराव्या दिवशी नव्या भाडेकरूनं एक पुढं केली. घेतली. दारातच सुमनला वास आला. ती इनहेलर शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. "आजपासून पुन्हा सुरुवात. जिथून मिळते ते दार आधी बंद करा."

त्याच संध्याकाळी नऊही खोल्यांची दारं वाजवली. "मी मागितली तरी देऊ नका."

"मग काका, पाणी आलं नाही तर तुम्हाला काय द्यायचं?" एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, पण मान वर होईना.

याला आठ महिने झाले. परवाच्या तपासणीत सुमनचे आकडे सुधारले नाहीत, घसरलेही नाहीत. सोडणाऱ्यांना एवढंच सांगतो: जो तुम्हाला देतो, त्याला आधी सांगा. आणि एकदा चुकलात तरी दवाखान्यात परत जा.

काल मी मोटार बंद करायला विसरलो, टाकी भरून वाहिली. सुमननं मला झापलं, मध्ये श्वासासाठी एकदाही न थांबता. तिचं संपेपर्यंत मी ऐकत उभा राहिलो.