दुसरा जोड

नातीच्या गणवेशाच्या फ्रॉकची खालची दुमड मी दुकानातच उलटी करून बघितली. आत चांगलं चार बोटं कापड होतं. दरवर्षी थोडं उसवत गेलं, तर पोर याच शाळेत दोन-तीन वर्षं आरामात काढेल.

"दोन जोड द्या," मी म्हणालो.

सून लगेच म्हणाली, "एकच पुरे, मामंजी."

बूट-दप्तराला सढळ हात आणि इथंच काटकसर? लेकाच्या बदलीची घरात कुजबुज चालते, मी आलो की थांबते. शाळा मी कमी शिकलो, पण एवढं कळतं की गणवेश किती घ्यायचा हे पोरीच्या मापावर ठरत नाही. घरच्यांच्या मनात इथं किती दिवस राहायचं आहे, त्यावर ठरतं.

"दुसरा उगाच पडून राहील," ती पुटपुटली.

"राहू दे पडून. तेवढं तरी तिचं घरात राहील."