बोरीबंदराचा आहेर

मुंबईचं बोरीबंदर स्टेशन मुंबईत आहे, हा लोकांचा गैरसमज आहे. निदान अख्खं तरी ते तिथं नाही. त्याच्या फाटकावरचा सिंह आणि वाघ उचगावात आहेत. पावसाचं पाणी ओकणारी जनावरं निपाणीत आहेत. जिना शहापुरात आहे, आणि घुमट परवापरवापर्यंत बेळगावच्या अनगोळात, आमच्या गच्चीवर होता. एवढी मोठी इमारत अशी गावोगाव वाटून टाकण्याचं काम एका माणसानं, तेही कोर्टातली कारकुनी सांभाळून केलं. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा.

मामांना सगळेच मामा म्हणतात. कोर्टात वकीलसुद्धा त्यांना मामाच म्हणत. पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी आणि बारा महिने हातात छत्री. ही छत्री मी पावसात उघडलेली कधी पाहिली नाही. ती इमारती दाखवण्यासाठी असते. कुणाच्याही घरी गेले तरी मामा थेट आत शिरत नाहीत. आधी रस्ता ओलांडून पलीकडं जातात, तिथं उभं राहून घर पायापासून कौलापर्यंत न्याहाळतात आणि मगच चप्पल काढतात. लग्नाच्या हॉलसमोर त्यांचं हे निरीक्षण संपेपर्यंत आत अक्षता पडलेल्या असतात. माझ्या लग्नाच्या बोलणीला ते आले, तेव्हा असेच रस्त्यापलीकडं उभे राहिले. माझे वडील खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं, मुलीकडच्यांचं मन फिरलं. अखेर मामा आत आले, पाणी प्याले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगं ठीक हाय. पर घराला दर्शनी भागच न्हाय." मी पसंत पडलो, घर पडलं नाही, आणि ते घर मी नंतर पाडून नव्यानं बांधेपर्यंत मामांनी त्याला माफ केलं नाही.

हे वेड त्यांना तरुणपणी लागलं. आई लहानपणीच गेल्यानं मामांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं. ती आक्का म्हणजे माझी सासू. शाळेत घातलं तिनं, कॉलेजला बेळगावात ठेवलं तिनं, आणि मुंबईच्या एका कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा फडक्यात भाकऱ्या बांधून गाडीत बसवलं तेही तिनंच. मामा मुंबईला पोहोचले. कचेरी बोरीबंदराजवळच होती. चालता चालता त्यांनी सहज मान वर केली आणि जागीच थांबले. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकावं. "पावणं, काय सांगू तुमास्नी! दगडाचा मोर, दगडाचं माकड. कमानी बघाव्या तर टोकाला अशा निमुळत्या, जणू नमस्कार केल्यात. हे बघतो तवर ते ऱ्हातंय, ते बघतो तवर हे ऱ्हातंय. भूक लागली तवा आक्काची भाकरी तिथंच उभ्यानं खाल्ली. मग ध्यानात आलं, आपण मुलाखतीला आलतो."

मुलाखत तोवर आटोपली होती. मामा घरी परत आले. आक्कानं विचारलं, "मिळाली का रं नोकरी?" मामा म्हणाले, "न्हाय. पर आक्का, एक घर बघून आलोय." "कुणाचं रं?" "ते न्हाय ठावं. लई मोठं हाय. एकदा तुला दावतो." आक्कानं कपाळावर हात मारून घेतला आणि ताट वाढलं. पुढं मामांना बेळगावच्या कोर्टात नोकरी लागली, पण त्यांना त्याचं कधीच विशेष काही वाटलं नाही. स्टेशनबद्दल मात्र मिळेल तिथून माहिती गोळा केली. बांधायला दहा वर्षं लागली, नकाशा इंग्रजाचा पण पानंफुलं कोरणारी पोरं इथली, घुमट आठ कोपऱ्यांचा, फाटकावरचा सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला, हे सगळं आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. स्टेशनाला महाराजांचं नाव दिलं तेव्हा मामांनी गल्लीत पेढे वाटले. बोलताना मात्र अजून 'बोरीबंदर'च म्हणतात. माझ्या बायकोला ते आवडत नाही. तिनं टोकलं की म्हणतात, "तुला आक्का सुनी म्हनायची. पत्रिकेत सुनंदा छापलं म्हनून मी काय सुनंदाबाई म्हनू?"

आता वाटणीविषयी. आमच्याकडं घराची चौकट उभी करताना मामाचा मान असतो. चौकटीला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि मामा भाचरांना आहेर करतो. इतरांचे मामा लुगडं, धोतर आणतात, फार हौशी असले तर तांब्याचा हंडा. आमचे मामा बोरीबंदराचा एकेक तुकडा आणतात. आणतात म्हणजे स्वतःचा गवंडी घेऊन येतात आणि तुकडा बसवून मगच जेवायला बसतात. नको म्हणायची सोय नाही, कारण मामाचा आहेर नाकारत नाहीत, आणि परत करणं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

उचगावच्या भाच्याला सिंह आणि वाघ मिळाले. मूर्तिकार गणपती घडवणारा होता, त्यामुळं दोघांचीही पोटं सुटलेली आणि चेहरे प्रसन्न. वाघाचे पट्टे पहिल्याच पावसात धुऊन गेले. तेव्हापासून दर दिवाळीत त्या घरात आधी वाघ रंगवतात, मग आकाशकंदील. निपाणीच्या भाचीला गच्चीच्या कोपऱ्यातून पाणी ओकणाऱ्या चार मगरी दिल्या. त्यातल्या दोघी नेमक्या शेजाऱ्याच्या अंगणात ओकतात. शेजारी कन्नड बोलणारे, सज्जन गृहस्थ. पहिल्या पावसात भिजलेले कपडे घेऊन ते दारात आले आणि "येन्री इदू?" एवढंच म्हणाले. मामा योगायोगानं तिथंच होते. "हे काय" याचं उत्तर त्यांनी कन्नडमधून इतकं सविस्तर दिलं की शेजारी चहा पिऊन, ओले कपडे तिथंच विसरून गेले. शहापूरच्या भाच्याला जिना मिळाला. बोरीबंदरातल्यासारखा, खाली आधार नसलेला, भिंतीतून निघून वर जाणारा. तो भक्कम आहे असं मामाही सांगतात आणि इंजिनियरही सांगतो. तरी त्या घरातल्या आजी अजून खालच्याच खोलीत झोपतात.

आमच्या वाट्याला घुमट आला. गच्चीवर जिथं पाण्याची टाकी बसवायची, तिथं मामांनी आठ कोपऱ्यांचा घुमट उभा करून टाकी त्याच्या पोटात घातली. खऱ्या घुमटावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती म्हणजे प्रगती, असं मामा सांगतात. आमच्या घुमटावरही त्यांनी सिमेंटची बाई उभी केली. वरचं पोतं काढलं आणि बायको खो खो हसायला लागली. बाईला नऊवारी होतं, डोक्यावरून पदर होता, मशालीच्या जागी समई होती आणि चेहरा हुबेहूब माझ्या सासूबाईंचा होता. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हसता हसता बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आई माळ्यावर चढायलासुद्धा घाबरायची. आणि मामांनी तिला कुठं नेऊन ठेवलंय बघा!" खालून बघणाऱ्या गल्लीला तर हातातलं चाक चाक वाटेचना. 'भाकरीवाल्या आक्काचं घर' हा आमचा पत्ता झाला. रिक्षावाले त्याच पत्त्यावर सोडतात. मामांना मात्र हे अजिबात खपायचं नाही. "चाक हाय ते! प्रगतीचं चाक!" असं छत्री आपटून सांगायचे.

गेल्या वर्षी आमच्या मुलाचं लग्न ठरलं. तो बेंगळुरूची नोकरी घरूनच करणार होता, सूनबाई इथल्या कॉलेजात शिकवणार होती. वर दोन खोल्या काढायचं ठरलं. इंजिनियर गच्चीवर गेला, इकडून तिकडून मापं घेतली आणि म्हणाला, "घुमट काढायला लागेल सर. त्याशिवाय होत नाही." जेवताना तोच विषय निघाला. घुमट काढणं म्हणजे मामांचा आहेर परत करणं, तोही आक्कासकट. मामांची ऐंशी उलटलेली. बायको म्हणाली, "मी नाही सांगणार." मी म्हणालो, "मी तर जावई." मुलगा म्हणाला, "मग मी भाड्यानं घर बघतो." हे ऐकून बायको रडायलाच लागली.

शेवटी मी एक युक्ती काढली. मामांना मुंबईला न्यायचं, पोटभर बोरीबंदर दाखवायचं आणि मन भरलेलं बघून हळूच विषय काढायचा. त्या फसलेल्या मुलाखतीनंतर मामा मुंबईला गेलेच नव्हते. विचारल्याबरोबर तयार झाले, पण अट घातली. थेट त्या स्टेशनात उतरायचं नाही. "आतनं भाईर आलं की पाठीमागनं दर्शन हुतंय. देवळात कुणी गाभाऱ्यातनं शिरतं व्हय?" म्हणून मी, बायको आणि मामा दादरला उतरलो आणि टॅक्सी करून स्टेशनाच्या समोर, रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिलो.

मामांनी आधी इमारत पायापासून वर न्याहाळली. मग छत्री वर गेली. "सुने, ती बघ निपाणीची मगर. आन तिकडं फाटकावर बघ, उचगावचा वाघ. खराही थोडा हसऱ्याच तोंडाचा हाय बघ." आजूबाजूची माणसं फोटो काढत होती, आणि मामा स्टेशनात आपले भाचे-भाच्या मोजत होते. एकेकाचं घर एकेका गावात, सगळे एका जागी जमायचे ते लग्नाकार्यालाच. इथं मामांना ते सगळे ओळीनं उभे दिसत होते. छत्री सरकत सरकत घुमटावर गेली आणि तिथं थांबली. "वरच्या बाईचं तोंड दिसंना गं हितनं," मामा म्हणाले. "आक्काला एकदा दावतो म्हनलं हुतं. आज आणू, उद्या आणू. तिला सवड न्हवती आन मला अक्कल न्हवती."

आता विषय काढणं म्हणजे निर्दयपणा, असं मला वाटलं. बायकोनंही मानेनंच नको म्हटलं. तेवढ्यात मामाच म्हणाले, "पावणं, घुमट कवा पाडताय?"

मामा हसले. "गवंडी माझाच न्हवं? तुमी त्याला घुमट काढायचं इचारलं त्या दिशीच सांजच्याला येऊन सांगून गेला. म्हनलं, पावणं बोरीबंदर दावत्यात तर आधी बघून घ्यावं, मग बोलावं."

"मामा, पण आहेर आहे तो," बायको कशीबशी म्हणाली.

"मग? आहेर काय डोक्यावर घिऊन बसायचा असतोय? पोराला खोल्या बांध."

येताना गाडीत मामांना गाढ झोप लागली. आम्हाला लागली नाही.

घुमट उतरवायच्या दिवशी मामा आले, पण घरात आले नाहीत. नेहमीप्रमाणं रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. बायकोनं खुर्ची नेऊन दिली, ते बसले नाहीत. गवंड्यानं आधी आक्काला उतरवायचं ठरवलं. कंबरेला दोर बांधला, दोन माणसं वर, दोन खाली. मूर्ती घुमटावरून सुटली, कठड्याबाहेर आली आणि हवेत थोडी गरकन फिरली. त्याबरोबर मामा छत्री टाकून रस्त्यात धावत आले. एक दुचाकीवाला करकचून थांबला. मामांनी दोन्ही हात वर केले होते आणि त्यांचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता, "सावकाश रं! सावकाश सोडा! आक्काला उंचावर भ्या वाटतंय! इतकी वर्सं मी तिला वर उभं केलतं रं!"

वरचे गवंडी आपल्या माणसाला उतरवावं तसा एकेक वीत दोर सोडू लागले. मूर्ती जमिनीला टेकेपर्यंत मामांचे हात खाली आले नाहीत.

आता वर दोन खोल्या झाल्या आहेत. सरळ भिंती, सरळ खिडक्या. दर्शनी भाग म्हणावा असं काही नाही. आक्का खाली, दाराशेजारी उभी आहे. मामा येतात, आधी रस्ता ओलांडून पलीकडं जातात, पण आता तिथं फार थांबत नाहीत. परत येतात, चप्पल काढतात आणि आक्कासमोर थोडा वेळ उभे राहतात. परवा मी दार उघडलं, तर तिच्या हातातल्या चाकावरून ते बोटं फिरवत होते. जवळून त्यावरचे गवंड्याच्या बोटांचे ठसे दिसतात, अगदी थापल्यासारखे. मी येतोय हे पाहूनही त्यांनी हात काढला नाही.

"पावणं," ते म्हणाले, "चाक न्हाय हे. भाकरीच हाय."