पाहणारं एक घर

मानोऱ्याजवळच्या आमच्या गावात केबल माझी, इंटरनेटची लाइन माझी, आणि गावाचं चॅनल तर फक्त माझंच. देवळातलं भजन, कोणाची म्हैस हरवली, कोण वारलं, नळ कधी सुटणार, हे सगळं मी एका जुन्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगायचो. पूर्वी हे चॅनल केबलमधून सगळ्यांच्या घरी आपोआप जायचं. कोण पाहतं हे कळायची सोय नव्हती, त्यामुळे सगळेच पाहतात असं मी धरून चाललो होतो. ते दिवस सुखाचे होते.

मग चॅनल इंटरनेटच्या लाइनवर घेतलं. ते सरसकट सगळ्यांना ब्रॉडकास्ट केलं की घरोघरचे राउटर तुंबायचे. ज्याला नको त्याच्याही घरात दवंडीवाला शिरून ओरडायचा म्हणा ना. म्हणून राउटरांवर मल्टिकास्टची सेटिंग केली. ज्या घरची टीव्हीची डबी चॅनल मागेल, त्याच घरी ते जाईल. सेटिंग जमली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. पण आता किती घरं चॅनल मागतात ते माझ्या कॉम्प्युटरवर दिसायला लागलं, आणि तिथेच माती झाली.

आकडा घसरत गेला. लोकांच्या हातात मोबाइल होते, माझी हरवलेली म्हैस कोण पाहणार? दिवाळीनंतर एकच घर उरलं, गावाबाहेरच्या तांड्याकडच्या लाइनवरचं. नेमकं कोणतं, ते दिसत नव्हतं.

"कायले तो कॅमेरा घेऊन फिरता?" बायको म्हणायची. "कोणी पाहून राह्यलं का?"

"तांड्यात एक घर पाह्यते."

"मंग बंद करा न्. एका घरासाठी जीव काढता."

पण मला ते एक घर पुरे होतं. तिथे गुडघे धरलेला कोणी म्हातारा असेल, असं मी ठरवून टाकलं. त्याला ऐकू कमी येत असेल म्हणून मी मोठ्याने, सावकाश बोलायला लागलो. देवळातली पोरं माझी नक्कल करायची.

मग एके दिवशी सकाळीच सगळ्या गावाची लाइन बंद पडली. फोनवर लोकांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. खांबावर चढून लाइनचा एकेक फाटा काढून पाहिला. तांड्याचा फाटा काढला आणि गाव चालू झालं. म्हणजे तांड्यात कुठेतरी वायर गोल फिरून स्वतःलाच जोडली गेली होती. असं झालं की राउटरने सगळ्यांना मारलेली हाक त्याच्याकडेच परत येते, तो ती पुन्हा पुढे पाठवतो, आणि त्या हाकांनीच लाइन भरून जाते.

तांड्यात निम्म्या घरांना कुलूप होतं. माणसं ऊसतोडीला गेलेली. उघडी घरं तपासली, काही सापडलं नाही. तेवढ्यात एका कुलूपबंद घराच्या फटीतून उजेड दिसला. शेजारच्या बाईकडे किल्ली होती.

"बंद घरात लाइट काहून?" मी तिरसटपणे विचारलं.

"माणसं गेली म्हून घर अंधारात ठेवत नाही आमी, भाऊ," ती कुलूप काढत म्हणाली. "बल्ब, तुमचे डबे, सारंच चालू ठेवून गेले ते. मी येऊन झाडून जातो. आज सकाळीच हे वायर खाली लोंबून राह्यली होती. उंदरं कुरतडतीन म्हून दोनी टोकं त्या डब्याच्या छिद्राइत खुपसून देली. चांगलं केलं ना?"

मला ओरडायचं होतं. "चांगलं केलं," म्हणालो आणि वायर उपसली. राउटरचे पिसाळलेले दिवे शांत झाले. खांबावर जाऊन तांड्याचा फाटा पुन्हा जोडून आलो.

तेव्हा टीव्हीच्या डबीकडे लक्ष गेलं. तिचा हिरवा दिवा लागलेला होता. मी टीव्ही लावला. माझ्याच चॅनलवर आदल्या दिवशीचा कार्यक्रम पुन्हा चालला होता आणि पडद्यावर मीच उभा होतो. बहिऱ्याला सांगावं तसा मोठ्याने, सावकाश सांगत होतो, की म्हैस सापडली आहे.

"हे लोक कधी गेले?"

"दिवाळीच्या आंधीच."

लाइट जाऊन आली की ती डबी शेवटच्या चॅनलवरच उघडते. कोणीतरी जाताना ते लावून ठेवलं असेल, किंवा चुकून राहिलं असेल. मला रडू आलं. बाईला वाटलं, धूळ गेली डोळ्यात. तिने पाणी आणून दिलं.

"डबा बंद करता काय, भाऊ?"

माझं बोट बटणावर होतं. "राहू द्या," मी म्हणालो. "घर अंधारात नको."

त्या दिवशी संध्याकाळी कॉम्प्युटरवर आकडा एकच होता. मी कॅमेरा पिशवीत भरत होतो.

"पाह्यते का अजून ते घर?" बायकोने विचारलं.

"पाह्यते ना."

तिने चहा दिला. मी तो पिऊन देवळाकडे निघालो. गुढीपाडव्याच्या सुमाराला तांडा परत येईल, घर उघडेल, आणि कोणीतरी सगळ्यात आधी ते चॅनल बदलेल.