पानं चाखणारी

कडूमावशी सकाळी चहा न घेताच कामावर यायची. चहाने जीभ बिघडते, असं तिचं म्हणणं. काम एकच. काचघरात काकडीची रोपं दोन पानांची झाली की प्रत्येकाच्या पानाचा कोपरा तोडायचा, चावायचा, थुंकायचा. कडू लागलं तर रोप उपटून टाकायचं. गोड रोपं बियाण्यासाठी ठेवायची.

"मावशी, माझ्या सासूची चव सांगता का?" माळी विचारायचा.

"तिने आधी तुझी विचारली होती. मी गप्प बसले."

नवरा गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. जे काही बोलणं-हसणं, ते या काचघरात.

तिथल्या संशोधक मुलीने एकदा तिला समजावलं होतं. कडूपणा पानात एकदम येत नाही. रोप एक साधा तेलकट पदार्थ घेतं. एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याची घडी घालतं, दुसरं त्याला ऑक्सिजन जोडतं, तिसरं आणखी काही बदलतं. असं हातोहात होत शेवटी कडूजहर तयार होतं आणि किडा तोंड फिरवतो.

"गोड रोपात पहिलं विकरच बिघडलेलं असतं. पुढची सगळी धडधाकट, पण त्यांच्या हाती काही येतच नाही."

"म्हणजे नुसती बसून?"

"नुसती बसून."

मावशी पुढच्या ट्रेकडे वळली.

मग तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना चव घेऊन गेला. कामावर परतली तर समोरच्या ट्रेमधलं एकेक पान कागदासारखं लागलं. सांगावं तर काम जाणार, आणि कामाबरोबर काचघरही. तिने अंदाजाने अर्धी रोपं उपटली. तोंड वाकडं करून थुंकलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मुलगी उरलेल्या रोपांना चिठ्ठ्या लावत होती. "मावशी, पुढचं सगळं बियाणं आता यांच्यावर."

मावशीने तिचा हात धरला. "थांब. मला चव लागत नाही. ही मी आंधळ्यासारखी ठेवलीत."

मुलीने एक पान चावलं. कडू. दुसरं चावलं. तेही.

"कधीपासून?"

"तापापासून."

"मग काल सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर कालच घरी बसले असते."

मुलीने लावलेल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या. मग ती म्हणाली, "पुन्हा पेरू. चाखायचं मी बघते. तुम्ही पाणी घालायला या."

"पाण्याला नळ्या आहेत, पोरी."

नळ्या खरंच होत्या. प्रत्येक रोपाशी थेंब थेंब पाणी पडत होतं.

मग मुलगी ट्रेमधली उरलेली रोपं चाखू लागली. कडू लागलं की ती मान हलवायची आणि मावशी रोप उपटायची. असा ट्रे संपला. मावशीने हात धुतले, पदराला पुसले. माळ्याला 'येते' म्हणायला ती दाराशी थांबली. तो कुठे दिसेना. थोडा वेळ वाट पाहून ती निघाली.