शेजाऱ्याच्या कुंड्यांतली पानफुटी

आमच्या घरात तिला पानफुटी म्हणतात. जबलपूरचे हिंदीवाले पत्थरचट्टा म्हणतात, आणि आईच्या माहेरी, वर्ध्याकडे, घायमारी. नाव काहीही घ्या, बया चिवट. मदनमहालच्या टेकडीवर काळ्या दगडांच्या फटीत उगवते, आमच्या खमरियाच्या क्वार्टरांत गटाराच्या काठावर आणि गळक्या पाइपाखाली. जाड पान मातीत पडलं, की कडेच्या खाचाखाचांतून नवी रोपं. तिला संपवायचं तर तोडून मातीत टाकायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

कॉलनीत दर हिवाळ्यात बगीच्यांची स्पर्धा होते. शेजारी त्यात गुलाब घेऊन उतरायचा. माणूस मराठीच, पण मी त्याला इथल्या रिवाजाने भैया म्हणायचे. दोन क्वार्टरांमधल्या पट्टीत आईची पानफुटी होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून आई व्हरांड्यातल्या खाटेवर पडून असायची, आणि तिला दिसायचं ते एवढंच: जाळी, ती पट्टी, पानफुटी. त्या वर्षी कळ्यांचे घोस लागले होते. "यंदाची फुलं पाहते, मग खुशाल जाते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची. मला ते ऐकवत नसे.

मी ऑफिसात असताना त्याने माळी लावून सगळी पट्टी उपटली. आईने खाटेवरून हाका मारल्या, "बापू, कळ्या आल्या रे, थोडे दिवस राहू दे." तो म्हणाला, "आजी, जज लोक येऊन राहिले. या जंगलापायी माझा नंबर जाते." हे मला समोरच्या वहिनींनी सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "माझी खाट भिंतीकडे फिरव." मी फिरवली. उन्हाळ्यात ती गेली, तशीच भिंतीकडे तोंड करून.

मी त्याला माफ केलं नाही. भांडलेही नाही, कारण भांडण दोन दिवसांत विरून जातं. माळ्याने उपटलेली पानफुटी खुरप्याने बारीक करून खताच्या खड्ड्यात टाकली होती, आणि त्याच खड्ड्यातली माती शेजाऱ्याने गुलाबांच्या कुंड्यांत भरली. मी जाळीमागे उभी राहून बघत होते आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पावसाळ्यात प्रत्येक गुलाबाच्या बुडाशी पानफुटी. तो उपटायचा आणि पुन्हा खड्ड्यातच टाकायचा. "भैया, फार मेहनत हो तुमची," मी कुंपणावरून म्हणायचे. पुढच्या स्पर्धेत त्याला काहीच मिळालं नाही, त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हटलं, सहज.

मग तो रिटायर झाला. अधारतालला घर बांधलं होतं, तिकडे सगळ्या कुंड्या घेऊन गेला. हिवाळ्यात वास्तुशांतीचं बोलावणं आलं. मी मुद्दाम गेले, त्याच्या गुलाबांचं वाटोळं झालेलं डोळ्यांनी बघायला.

गच्चीवर एकही गुलाब नव्हता. सगळ्यात मोठ्या, गेरूने रंगवलेल्या कुंडीत पानफुटी होती आणि तिला लालसर फुलांचे घोस लटकत होते.

"ताई, गुलाब तर सारे गेले," तो खुशीत म्हणाला, "पण हे पाहा, आपोआप आलं. आता रोज सकाळी चहा घेऊन याच्याच जवळ बसतो. काय शांती वाटते, काय सांगू!"

आईला मिळाली नाहीत ती फुलं हा रोज चहासोबत बघत होता. मी वाकले आणि झाड मुळासकट उपटलं.

"अरे, काहून उपटून राहिल्या? किती जीव लावला मी त्याला!"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच काही आठवत नव्हतं.

मग मी आठवण करून दिली. गच्चीवर पंगत बसली होती. त्याचे व्याही, जुने साहेब, भटजी, सगळे होते. मी आवाज चढवला नाही. आई काय म्हणाली, तो काय म्हणाला, खाट कुठे फिरवली, ती कशी गेली, सगळं सांगितलं. कुणी घास उचलेना. झाड ओढणीत गुंडाळून मी जिना उतरले. वर त्याची बायको त्याला विचारत होती, "खरं आहे का जी हे?"